रिपेअरेबिलिटी इंडेक्स वाचताना: पार्ट बदलणं आणि पार्ट दुरुस्त करणं

नवा मोबाइल घ्यायला गेलात की खोक्यावर किंवा ऑनलाइन पानावर एक आकडा दिसेल, आणि तो सांगेल की हा फोन उद्या बिघडला तर दुरुस्त करणं कितपत सोपं आहे. अशी योजना आपल्याकडे आकार घेते आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. शिफारस अशी की कंपन्यांनी ठरलेल्या निकषांवर आपापल्या मालाला स्वतःच गुण द्यावेत आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दाखवावेत. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून.

दुरुस्तीवर काम करणाऱ्या माझ्यासारखीला याचा आनंदच व्हायला हवा, आणि झालाही. २०२२ च्या जुलैत ‘राइट टू रिपेअर’साठी पहिली समिती बसली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. तेव्हापासून निदान सरकारी कागदावर ‘दुरुस्ती’ हा शब्द आला. पण या इंडेक्सचे निकष शांतपणे वाचले की एक प्रश्न पडतो, आणि आजचा लेख त्या एका प्रश्नापुरता आहे. इंडेक्स ‘दुरुस्ती’ म्हणतो तेव्हा नेमकं काय डोळ्यांसमोर ठेवतो?

निकष सहा आहेत. पार्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या उलगडाव्या लागतात, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळात मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट, लागणारी हत्यारं, आणि स्क्रू-क्लिपा कशा प्रकारच्या आहेत. वाचायला अगदी रास्त. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटवर जे लेबल लावायला सुरुवात केली, त्यातल्या दुरुस्तीच्या गुणांचे निकषही हेच सहा आहेत. तिथे उलगडण्याच्या पायऱ्यांना २५ टक्के वजन आहे आणि उरलेल्या पाचांना प्रत्येकी १५. बेरीज होते, तिची अ ते ई अशी श्रेणी होते. दुसऱ्याकडून चांगली गोष्ट घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त घेताना त्यात काय गळलंय हेही बघावं.

गळलंय काय, तर किंमत. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये असा इंडेक्स सर्वांत आधी सक्तीचा केला. स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायचं यंत्र अशा पाच वस्तूंवर, दहापैकी गुण. त्या पाच निकषांत ‘सुट्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या तुलनेत किती’ हा एक स्वतंत्र निकष होता, बाकीच्यांच्या बरोबरीचा. युरोपच्या सहांत तो नाही आणि आपल्या सहांतही नाही. म्हणजे डिस्प्ले सहज काढता येतो, हत्यार साधं लागतं, पार्ट आठवड्यात येतो, म्हणून गुण उत्तम. आणि पार्टची किंमत फोनच्या निम्मी. अशा फोनचं तुम्ही काय कराल ते मी सांगायला नको.

समाजशास्त्रात यावर एक नेहमी वाचला जाणारा निबंध आहे, वेंडी एस्पेलंड आणि मिचेल स्टीव्हन्स यांचा, १९९८ चा. वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच मापात बसवणं या क्रियेला त्यांनी सामाजिक प्रक्रिया म्हणून बघितलं. कठीण वाटतं, पण दहावीची टक्केवारी आठवा. गणितातली गती, मराठीतली समज आणि इतिहासाची घोकंपट्टी एकमेकांत मिळवता येत नाहीत, पण गुणपत्रिकेवर मिळवल्या जातात आणि मग त्या बेरजेवर अकरावीचं कॉलेज ठरतं. बेरीज करताना कुठला विषय धरायचा आणि कुठला सोडायचा यावर निकाल फिरतो, हे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ बघितलेल्या महाराष्ट्राला वेगळं समजवायला नको. किंमत हा असाच सोडून दिलेला अवघड विषय आहे. आणि इथे पेपर तपासणार कोण, तर ज्याने लिहिला तोच.

पण किंमत ही माझी मुख्य तक्रार नाही. ती उद्या घालता येईल. माझी तक्रार यादीच्या भाषेबद्दल आहे.

हे गुण अख्ख्या फोनला एकदम देत नाहीत, महत्त्वाच्या भागांची यादी करून देतात. युरोपच्या यादीत बॅटरी, डिस्प्ले असेंब्ली, मागचं कव्हर, पुढचा-मागचा कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, बटण, माइक, स्पीकर, घडीच्या फोनची बिजागरी वगैरे येतात. आपल्या समितीची यादीही याच वळणाची. यातला ‘असेंब्ली’ हा शब्द नीट बघा. असेंब्ली म्हणजे अनेक तुकड्यांचा तयार संच, जो अख्खा काढायचा आणि अख्खा बसवायचा. या यादीच्या जगात दुरुस्ती म्हणजे संच बदलणं. बदलणं जितकं सोपं तितके गुण जास्त.

आता तुमच्या जवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या गाळ्यात काय चालतं ते आठवा. फोन चार्ज होत नाही म्हणून नेला. तो आधी ब्रश घेऊन पोर्टमधला कचरा काढतो. नाही झालं तर पोर्ट ज्या छोट्या बोर्डावर असतो तो बघतो. तरी नाही, तर मेन बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेऊन मीटरने कुठे शॉर्ट आहे ते शोधतो, हॉट एअरने चार्जिंग आयसी उचलतो आणि दुसरा बसवतो. याला सगळीकडे ‘चिप लेव्हल’ म्हणतात, गल्लोगल्ली त्याचे क्लास निघालेत, पाट्यांवर हाच शब्द असतो. तोच फोन सर्व्हिस सेंटरला नेला तर उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं असतं, ‘बोर्ड बदलावा लागेल’. आणि गंमत अशी की गुणांच्या त्या यादीत मेन बोर्ड नाहीच. म्हणजे आपल्याकडचा कुशल कारागीर जिथे सर्वांत जास्त डोकं लावतो, ती जागा इंडेक्सच्या नजरेबाहेर राहते.

हा फरक शब्दांच्या खेळाचा नाही. पार्ट बदलण्याच्या दुरुस्तीत पैसा जातो कंपनीच्या पार्टला आणि मजुरी उरते जेमतेम स्क्रू फिरवण्याची. पार्टच दुरुस्त करण्यात वस्तू अगदी क्षुल्लक किमतीची लागते, आणि तुम्ही पैसे मोजता ते नजरेचे आणि हाताचे. दोन्हींना आपण ‘रिपेअर’ म्हणतो, पण गाळा चालतो तो दुसऱ्यावर.

आता घरातल्या सर्वांत आज्ञाधारक यंत्राकडे येऊ. मिक्सर. सुमीत मिक्सरची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. सत्यप्रकाश माथूर हे अभियंते. त्यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि भारतात त्याच्या दुरुस्तीची सोय नव्हती. त्यातून त्यांनी साठच्या दशकात आपल्या वाटणाला, म्हणजे भिजवलेल्या डाळीला, सुक्या खोबऱ्याला, हळकुंडाला झेपेल अशी दणकट मोटर घालून मिक्सर बनवला. या गोष्टीतला शोध सगळे सांगतात. मला त्यातली सुरुवात महत्त्वाची वाटते. एका यंत्राची दुरुस्ती होईना, म्हणून दुसरं यंत्र जन्माला आलं.

मिक्सर उघडलाय कधी? खालून चार स्क्रू. आत युनिव्हर्सल मोटर, फिरणारं आर्मेचर, बाहेर फील्ड कॉइल, आणि आर्मेचरच्या तांब्याच्या कड्याला दोन बाजूंनी टेकलेले कार्बन. हे कार्बन घासून झिजण्यासाठीच असतात. तांबं वाचावं म्हणून तेच झिजतात. वर भांडं जिथे बसतं तिथला कपलरही असाच. भांड्यात काही अडकलं तर आधी तो तुटावा, मोटर जळू नये, अशी त्याची रचना. तळाशी लाल बटण असतं ते ओव्हरलोडचं, मोटर फार तापली की ते बाहेर येतं. दाबलं की परत चालू. भांड्याचं पातं डुगडुगायला लागलं तर बुश बदलतात. आर्मेचरच जळलं तर पुन्हा वाइंडिंग होतं. म्हणजे या यंत्राला बिघाड कुठून सुरू व्हावा हे ठरवून दिलेलं आहे, आणि तो बिघाड स्वस्तात निघतो. कार्बन आणि कपलर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतात, मुंबईत लोहार चाळीत मिळतात, आणि तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिक्सरचं नाव न सांगता नुसता जुना तुकडा दाखवला तरी मिळतात.

या मिक्सरला इंडेक्स लावून बघू. (इंडेक्स फोनसाठी आहे, मिक्सरसाठी नाही, शिवाय युरोपच्या सूत्रात गुण एक ते पाचमध्ये असतात, मी समजायला सोपं म्हणून तीच वजनं वापरून शंभरात मांडते आहे.) उलगडायला चार स्क्रू, पूर्ण २५. स्क्रू साधे, पुन्हा बसणारे, १५. हत्यार म्हणजे एक स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड, १५. पुढे घोटाळा सुरू होतो. दुरुस्तीचं पुस्तक कंपनीने दिलेलं नाही, शून्य. सुटे भाग इंडेक्स मोजतो ते कंपनी किती काळ आणि किती लवकर पुरवणार या हिशेबाने. वीस-पंचवीस वर्षं जुन्या मॉडेलला त्याचं उत्तर नाही, शून्य. सॉफ्टवेअर नाहीच, तेव्हा अपडेटही नाही, शून्य. एकूण ५५. सेकंड क्लास.

अर्ध्या तासात, कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीचा दुरुस्त होणारा मिक्सर सेकंड क्लासमध्ये पास होतो. कारण ज्या तीन निकषांवर तो नापास झाला, ते तिन्ही कंपनीने काय पुरवलं याचे आहेत. मिक्सरची दुरुस्ती ज्या गोष्टींवर उभी आहे, म्हणजे कपलर-कार्बनची ठरून गेलेली मापं, ती विकणारी गल्ली, आणि हजार मिक्सर उघडलेले हात, त्यांना इथे रकानाच नाही.

‘माहिती’ या निकषावर जरा थांबते, कारण इथे जुनं संशोधन उपयोगी पडतं. ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ते फिरले, त्यांच्यासोबत जेवले, आणि १९९६ मध्ये त्यावर ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक काढलं. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड पुस्तकं दिली होती. अमुक एरर आला तर हे तपासा, नसेल तर ते तपासा. प्रत्यक्षात मशीन पुस्तकाप्रमाणे बिघडत नसे. तंत्रज्ञ मग काय करत, तर एकमेकांना किस्से सांगत. ‘त्या ऑफिसातलं मशीन असंच करत होतं, शेवटी निघालं काय माहितीये?’ जेवणाच्या टेबलावरच्या या गप्पांत खरं ज्ञान साठत होतं आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. कंपनीच्या लेखी मात्र गप्पा म्हणजे कामाच्या वेळेची नासाडी.

ऑर यांचं पुस्तक वाचून कुणी म्हणेल, मग माहितीपुस्तिका कशाला मागायच्या? मी तसं अजिबात म्हणणार नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत मागच्या पुठ्ठ्याच्या आत कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशा चिकटवलेला असे. तेवढ्या कागदावर किती रेडिओ जगले असतील! आज फोनच्या बोर्डाचा नकाशा कारागीर कुठून मिळवतो? पैसे भरून, कंपनीशी संबंध नसलेल्या सॉफ्टवेअरमधून, नाहीतर ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून. नकाशा हवाच. पण कुणाला हवा हे ठरवताना युरोपच्या नियमांनी एक रेघ ओढली आहे. काही माहिती सगळ्यांसाठी, काही फक्त व्यावसायिक कारागिरांसाठी. आणि व्यावसायिक ठरायला तांत्रिक पात्रता आणि जबाबदारीचा विमा मागायची कंपनीला मुभा. आपल्याकडच्या आठ बाय दहाच्या गाळ्यात, मामाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? सर्टिफिकेट नाही, विमा नाही, पण तुमच्या सोसायटीतले निम्मे फोन त्यानेच जिवंत ठेवलेत. भारतीय नियम लिहिताना ही रेघ जशीच्या तशी आली, तर माहिती ‘उपलब्ध’ असेल, गुणही मिळतील, आणि गाळ्यात पूर्वीसारखीच पीडीएफ फिरत राहील.

आता सॉफ्टवेअर. इथे मात्र इंडेक्स मला भोळा वाटतो. निकष आहे ‘सॉफ्टवेअर अपडेट’, म्हणजे अपडेट किती काळ मिळत राहणार. तो हवाच, चांगला चालणारा फोन नुसता बँकेचं अ‍ॅप चालेना म्हणून टाकून द्यावा लागतो. पण सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या आड येतं ते फक्त अपडेट थांबवून येत नाही. ते दाराशी पहारा करतं. आयफोन १४ चं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने तो उघडून त्याला दहापैकी सात गुण दिले, कारण आतली रचना खरोखर सुधारली होती, मागची काच आता सहज निघत होती. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच फोनचे गुण त्यांनी चारवर आणले. मधल्या काळात फोनचा एकही स्क्रू बदलला नव्हता. झालं असं की कारागिरांचा अनुभव येत गेला. पार्ट बसवता येतो, पण तो पार्ट ‘आपला’ आहे अशी नोंद कंपनीच्या यंत्रणेतून झाली नाही, तर फोन इशारे दाखवत राहतो, काही सोयी बंद पडतात. अगदी दुसऱ्या आयफोनमधून काढलेला अस्सल पार्ट असला तरी. याला ‘पार्ट्स पेअरिंग’ म्हणतात. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्याने कायदा करून यावर बंदी घातली, आणि त्याच सुमारास अ‍ॅपलने जुने अस्सल पार्ट चालू देऊ असं जाहीर केलं.

या एका उदाहरणात इंडेक्सची सगळी अडचण दिसते. आयफिक्सिटने गुण दिले तेव्हा त्यांनी वस्तू मोजली. नंतर गुण बदलले तेव्हा दुरुस्ती मोजली. आयफिक्सिटला गुण मागे घेता आले, कारण ते बाहेरचे आहेत. स्वतःच्या मालाला स्वतः गुण देणारी कंपनी वर्षभराने ‘आमचे तीन गुण कापा’ असं सांगायला येईल, हे तुम्हाला शक्य वाटतं का?

मोबाइल झाला, घरात या. पेअरिंग अजून तितकंसं आलं नसेल, पण ‘कार्ड’ आलंय. वॉशिंग मशीनचं कार्ड, इन्व्हर्टर एसीचं कार्ड, आणि आता पंख्याचंही. साधा छताचा पंखा हळू फिरायला लागला तर इलेक्ट्रिशियन न उघडताच सांगतो, कंडेन्सर गेलाय. तो बदलला की पंखा पळतो. आवाज करतोय, तर बेअरिंग. जळलाच, तर वाइंडिंग. बीएलडीसी पंख्यात या तिघांच्या डोक्यावर एक कार्ड येऊन बसतं आणि रिमोटही. वीज मात्र खरंच वाचते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३०. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर १६० युनिटच्या आसपास बचत; युनिटला आठ रुपये धरा, वर्षाला तेराशे रुपये झाले. हे सोडून द्या असं मी म्हणणार नाही, उकाड्यात बिल मीही भरते. पण वॉरंटी संपल्यावर कार्ड गेलं आणि नव्या कार्डाला दोन वर्षांच्या बचतीइतके पैसे लागले, तर ‘वीज वाचवणारा’ पंखा भंगारात जातो आणि हिशेब परत मांडावा लागतो. किंमत यादीत का हवी, ते इथे कळतं.

कार्डाच्या बाबतीत कंपन्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. वॉशिंग मशीनच्या कार्डावर बऱ्याचदा पारदर्शक राळ ओतलेली असते, दमट हवा आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरून बोर्ड शॉर्ट झाल्याच्या कथा प्रत्येक मेकॅनिककडे आहेत, तेव्हा झाकून ठेवण्यात शहाणपण आहेच. पण राळेखाली रिले गेला, की काही रुपयांच्या रिलेसाठी अख्खं कार्ड बदलायची पाळी येते. कसबी कारागीर ती राळ गरम करून, खरवडून, खालचा रिले काढतो. बघत बसावं असं काम असतं. इंडेक्सला ते दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबात कार्ड दोन स्क्रूंत बाहेर येतं. पूर्ण गुण.

बाजाराने यावर स्वतःचं उत्तर काढलेलं आहे, आणि मला ते फार आवडतं. युनिव्हर्सल कार्ड. लॅमिंग्टन रोडला जा (पत्त्यावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचाराल तर लॅमिंग्टनच), एलईडी टीव्हीचा युनिव्हर्सल बोर्ड मिळेल, एसीचा मिळेल, बीएलडीसी पंख्याचाही मिळेल. कंपनीचा बोर्ड मिळत नाही किंवा परवडत नाही, तेव्हा कारागीर हा बसवतो. टीव्हीचा मेनू वेगळा दिसतो, मूळ रिमोट चालत नाही, एसीच्या एखाद्या सोयीवर पाणी सोडावं लागतं, पण यंत्र चालतं. कपलर आणि कार्बनमध्ये जे होतं, म्हणजे कुणाचाही तुकडा कुणालाही बसणं, ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये परत आणायची ही खटपट आहे. याला ‘जुगाड’ म्हणून कौतुक करायची फॅशन आहे. मला तो शब्द इथे खटकतो. जुगाड म्हटलं की वाटतं, आयत्या वेळी सुचलेली हुशारी. युनिव्हर्सल बोर्ड हे वेगवेगळ्या पॅनलची मापं, व्होल्टेज, कनेक्टर अभ्यासून बनवलेलं उत्पादन आहे, आणि ते बसवायला शिकावं लागतं. सहा निकषांत ‘दुसऱ्याने बनवलेला पार्ट चालतो का’ असा प्रश्न घातला, तर कितीतरी महागड्या यंत्रांचे गुण धाडकन पडतील.

कंपन्यांचा एक आक्षेप खरा आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. सुरक्षा. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर वायर काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी सुरीने उचकटणं म्हणजे आगीला बोलावणं. (तुम्हीही हे घरी करू नका, कृपया.) पण गल्लीतले मायक्रोवेव्ह काही आज दुरुस्तीवाचून पडलेले नाहीत. ते नकाशाशिवाय उघडले जातात, इतकंच. धोका कमी करायचा असेल तर कपॅसिटर कुठे आहे आणि तो आधी कसा रिकामा करायचा, हे उघडणाऱ्याला कळायला हवं.

फ्रान्सच्या अनुभवात चांगलंही आहे. इंडेक्स लागू झाल्यावर सॅमसंगने तिथे गॅलक्सी एस २१ मालिकेतल्या फोनची दुरुस्ती पुस्तिका सगळ्यांसाठी खुली केली, कारण त्याला गुण होते. म्हणजे मोजमापाने कंपन्या हलतात. म्हणूनच काय मोजायचं यावर आत्ताच भांडायला हवं, नियम पक्के होण्याआधी. एकदा आकडा खोक्यावर छापला गेला की तो कसा आला हे कुणी विचारत नाही; आपण फ्रिज घेताना पाच तारे बघतो, त्यामागचं सूत्र किती जण बघतात?

माझ्या हातात असतं तर मी सहांच्या शेजारी चार प्रश्न लिहिले असते. पार्टची किंमत वस्तूच्या किती टक्के? बोर्डाचा नकाशा सर्टिफिकेट न मागता मिळतो का? कंपनीबाहेरचा किंवा दुसऱ्या यंत्रातून काढलेला पार्ट कुठल्याही नोंदणीशिवाय चालतो का? आणि हे सगळं कंपनीने सांगून भागणार नाही. वस्तू बाजारात येऊन वर्ष झाल्यावर पाच-पंचवीस गाळ्यांत जाऊन तपासलं का? शेवटचा प्रश्न खर्चिक आहे, आणि कंपन्यांवर नियमांचं जादा ओझं नको या समितीच्या भूमिकेशी तो जुळत नाही, हे मला माहीत आहे. बाकीचे तीन मात्र एका पानाच्या फॉर्मवर मावतात.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. गेल्या दोन वर्षांत घरातली जी वस्तू दुरुस्तीला गेली असेल तिचं बिल सापडतंय का बघा. मिक्सर, पंखा, टीव्ही, फोन, काहीही. त्यावर कारागिराने काय लिहिलंय? ‘बोर्ड रिप्लेस’ की ‘बोर्ड रिपेअर’, ‘न्यू पार्ट’ की ‘सर्व्हिस चार्ज’? बिलच नसेल, आणि गल्लीतल्या दुकानात बहुधा नसतंच, तर तो काय म्हणाला होता ते आठवून लिहा. दुकानाचं नाव नको, वस्तू, तिचं वय आणि दिलेले पैसे एवढं पुरे. पुढच्या लेखात याच नोंदी इंडेक्सच्या यादीशेजारी ठेवून बघणार आहे.